थांबायचं कशासाठी, ड्राइव्हसाठी की परवानगीसाठी?

नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, घेऊन टाक. दुसरा म्हणतो, जरा दम धर, ते नवीन येतंय ना. २००६ साली हे ‘ते नवीन’ म्हणजे हाय-डेफिनिशन चित्रपटांच्या डिस्क वाचणारा ऑप्टिकल ड्राइव्ह होता. तोशिबाने कॉस्मिओ मालिकेत एचडी डीव्हीडी बसवला, सोनीने वायो एआरमध्ये ब्लू-रे. दोन्ही लॅपटॉप १७ इंची, दोन्ही जड, दोन्ही महाग. बाकीच्यांपुढे पेच असा की डीव्हीडीवाला साधा लॅपटॉप आत्ता घ्यायचा, की हे ड्राइव्ह सगळीकडे येईपर्यंत कळ काढायची?

पेच जुना आहे, पण निकालात निघालेला नाही. आज तोच प्रश्न ४के डिस्कबद्दल विचारला जातो. लॅपटॉपमधून ड्राइव्हचा कप्पाच गेला, मग ४के ब्लू-रे चालवणारा ड्राइव्ह आत घेऊन एखादा लॅपटॉप येईल का आणि तोवर थांबावं का? उत्तर तेव्हाही ‘नको’ होतं, आजही ‘नको’च आहे. पण त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण, तंत्रज्ञान रोज बदलतं तेव्हा थांबून उपयोग नाही हे, आम्हाला आळशीपणाचं वाटतं. काही गोष्टींसाठी थांबावंच. ड्राइव्हसाठी थांबू नये, कारण माणूस ज्याची वाट पाहतो ती वस्तू ड्राइव्ह नसतेच. त्याला चित्र दिसायला हवं असतं. डिस्क आणि चित्र यांच्यामध्ये सात-आठ दुवे असतात, ड्राइव्ह त्यातला एक, आणि बहुतेक वेळा घोडं अडतं ते दुसऱ्याच दुव्यावर.

आधी ड्राइव्हला त्याचं श्रेय देऊ, कारण यंत्र म्हणून तो खरोखर देखणा आहे. डिस्कवर किती माहिती मावते ते लेझरचा ठिपका किती बारीक पडतो यावर ठरतं, आणि ठिपक्याची रुंदी लेझरच्या तरंगलांबीला भिंगाच्या अंकीय छिद्राने (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याच्या मापाने) भागून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात असते. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर आणि ०.६० छिद्राचं भिंग, म्हणजे भागाकार साधारण १०८३. ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर आणि ०.८५ चं भिंग, म्हणजे ४७६. ठिपका सव्वादोन पटींहून थोडा अधिक बारीक झाला. क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने घटतं, म्हणून माहिती सव्वापाच पटींच्या आसपास वाढायला हवी. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, त्याची सव्वापाच पट साधारण २४.५, आणि ब्लू-रेच्या एका थरात प्रत्यक्षात मावतात २५ जीबी. एचडी डीव्हीडीचा लेझर तोच, पण भिंग ०.६५ चं. भागाकार ६२३, वाढ तिप्पट, आणि तिथे थराला १५ जीबी. दोन तंत्रांची सगळी लढाई या एका भिंगात होती.

मग एचडी डीव्हीडीवाल्यांनी मोठं भिंग का घेतलं नाही? कारण छिद्र वाढवलं की डिस्क जराशी तिरकी झाली तरी ठिपका फाटतो. हा दोष छिद्राच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लेझरला जितकं जाड आवरण पार करावं लागतं तितका आणखी वाढतो. म्हणून ब्लू-रेने आवरण ०.६ मिलिमीटरवरून ०.१ वर आणलं. माहिती पृष्ठभागाला जवळजवळ टेकली, ओरखड्याचा धोका वाढला आणि त्यासाठी कठीण लेप द्यावा लागला. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटरची रचना ठेवली, त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोड्या फेरफाराने डिस्क निघू शकत होत्या. एकाने कारखान्यांची सोय पाहिली, दुसऱ्याने जागा.

हा तंटा गुणवत्तेवर सुटला असता तर बरं झालं असतं. तो सुटला करारांवर. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने फक्त ब्लू-रेवर चित्रपट काढण्याचं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळत असल्याचं सांगितलं. जो २००६ च्या मध्यापासून थांबला होता त्याचे दीडेक वर्ष गेले. थांबण्याचं समर्थन करणारे इथे म्हणतात, पण तो हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावण्यापासून तर वाचला! खरं आहे. मात्र डीव्हीडीवाला साधा लॅपटॉप ज्याने लगेच घेतला तोही वाचला, आणि त्याने ते दीड वर्ष वापरलंसुद्धा. थांबण्याचा खरा पर्याय ‘महागडा ड्राइव्ह आत्ताच घेणे’ हा नव्हता. ‘ड्राइव्हशिवाय लॅपटॉप आत्ता घेणे’ हा होता, आणि त्या वेळच्या चर्चेत नेमका तोच फारसा कोणी मांडत नव्हतं.

आता त्या दुव्यांकडे येऊ. पहिला दुवा पडदा. २००६ मधल्या बहुसंख्य १५.४ इंची लॅपटॉपांचा पडदा १२८० बाय ८०० होता, म्हणजे दहा लाख चोवीस हजार ठिपके (पिक्सेल). पूर्ण एचडी चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. निम्म्याहून जास्त माहिती ड्राइव्हने वाचायची, प्रोसेसरने उलगडायची आणि पडद्याच्या दारात टाकून द्यायची. बरं, पडदा पूर्ण एचडी असला तरी डोळ्याचं काय? निरोगी डोळ्याला एक मिनिट कोनाएवढा फरक कळतो. ६० सेंटिमीटरवरून तो ०.१७ मिलिमीटर भरतो. १५.४ इंची पडदा ३३ सेंटिमीटर रुंद असतो, त्यात १९२० ठिपके बसवले तर एकेक ठिपका ०.१७ मिलिमीटरचाच. थोडक्यात, लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर पडणाऱ्या अंतरावरून या आकाराच्या पडद्यावर पूर्ण एचडी म्हणजे डोळ्याची शीव. त्याच आकारात ४के बसवलं तर ठिपका ०.०९ मिलिमीटरवर येतो. अक्षरं अधिक रेखीव वाटतात, रंगांची खोली वाढवली असेल तर तीही जाणवते, पण निव्वळ ठिपक्यांच्या संख्येसाठी लॅपटॉपवर ४के डिस्क पाहायची हा हट्ट डोळ्यालाच मान्य नाही. ती डिस्क मोठ्या टीव्हीसाठी आहे, आणि टीव्हीशेजारी ठेवायला स्वतंत्र प्लेअर असतो.

दुसरा दुवा उलगडण्याचा. ब्लू-रे चित्रपटात चित्राचा प्रवाह सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जातो आणि तो बहुधा एच.२६४ किंवा व्हीसी-१ पद्धतीने दाबलेला असतो. त्या काळच्या दुहेरी गाभ्याच्या प्रोसेसरवर हे काम नुसत्या सॉफ्टवेअरने करायला गेलं की पंखा किंचाळतो आणि गर्दीच्या दृश्यांत चित्र अडखळतं. बॅटरीचा हिशेब तर सरळ आहे: ५५ वॉट-तासांची बॅटरी आणि ३५ वॉटचा उपसा असेल तर दीड तासाच्या थोडं पुढे सगळं बंद. चित्रपटाचा शेवट प्लग शोधून पाहायचा. हे काम ग्राफिक्स चिपवर घेणारी यंत्रणा २००७ पासून एनव्हिडिया आणि एटीआयच्या चिपांत आली, इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये २००८ च्या सुमारास. ज्याने २००६ मध्ये ड्राइव्ह मिळवला त्याच्याकडे ही चिप नव्हती, आणि ती नंतर बसवण्याची सोय लॅपटॉपमध्ये जवळपास नसतेच. ड्राइव्ह मात्र नंतर जोडता येतो. लॅपटॉप निवडताना ही विभागणी सर्वांत आधी करावी: काय पुढे जोडता येईल आणि काय जन्मभर तेच राहील. पडदा, ग्राफिक्स, पोर्ट आणि पक्की बसवलेली रॅम यांच्यासाठी थांबणं समजू शकतं. बाहेरून तारेने लागणाऱ्या वस्तूसाठी सबंध यंत्र लांबणीवर टाकायचं म्हणजे झालरीसाठी लग्न पुढे ढकलण्यासारखं आहे.

तिसरा दुवा कुलपाचा, आणि इथे जरा थांबायला हवं. व्यापारी ब्लू-रे डिस्कवरचा चित्रपट एएसीएस नावाच्या पद्धतीने कुलूपबंद असतो. प्लेअर सॉफ्टवेअरकडे स्वतःच्या किल्ल्या असतात. त्या किल्ल्या फुटल्याचं लक्षात आलं की रद्द करता येतात, आणि रद्द झालेल्या किल्ल्यांचा हिशेब प्रत्येक नव्या डिस्कवर छापून येतो. नवी डिस्क ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्हही त्यातली रद्द-यादी स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतो. गंमत अशी की काल चालणारं सॉफ्टवेअर आज नवा चित्रपट घातल्यावर नकार देतं, आणि काही वेळा त्यानंतर जुनेही चालवेनासं होतं. २००७ मध्ये हे प्रत्यक्ष घडलं. किल्ल्या बाहेर फुटल्यावर विनडीव्हीडी हा प्लेअर वापरणाऱ्यांना सॉफ्टवेअर अद्ययावत करावं लागलं; न केलं तर नव्या डिस्क बंद. ड्राइव्ह तोच, डिस्क विकत घेतलेली, पडदा चांगला, तरी चित्र नाही.

विंडोजमध्ये डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय काही काळ अंगची होती, पण ब्लू-रे चित्रपटाची कधीच नव्हती. विंडोज ८ पासून डीव्हीडीचीही काढून घेतली. मॅकमध्ये तर ब्लू-रे आलाच नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जने त्याला दुखण्याचं गाठोडं म्हणून टाकलं, आणि कारण दिलं ते परवान्यांच्या गुंत्याचं, यंत्राचं नव्हे. त्यामुळे चित्रपट पाहायचा तर विकतचं प्लेअर सॉफ्टवेअर लागतंच. ड्राइव्हबरोबर फुकट येणारी आवृत्ती बहुधा कापलेली असते: त्या कंपनीच्या ड्राइव्हवरच चालते, पुढची मोठी सुधारणा तिला मिळत नाही, कधी कधी आवाजाचे सगळे मार्गही नसतात. खोक्यावर ‘ब्लू-रे प्लेबॅक’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नये. किती वर्षं, हे कोणी लिहीत नाही.

बाहेरच्या पडद्यावर चित्र न्यायचं तर आणखी एक पहारेकरी असतो, एचडीसीपी. लॅपटॉपचं ग्राफिक्स, मधली तार किंवा अडॅप्टर आणि समोरचा पडदा, सगळ्यांनी एकमेकांना ओळख दाखवायची. एखादा स्वस्त अडॅप्टर गप्प बसला की सॉफ्टवेअर काळा पडदा दाखवतं किंवा एक मोघम त्रुटी-क्रमांक. निदान करायची सोपी रीत अशी: बाहेरचा पडदा काढून तीच डिस्क लॅपटॉपच्याच पडद्यावर लावून पाहा. तिथे चाललं तर ड्राइव्ह निर्दोष आहे, गुन्हेगार तारेच्या वाटेवर आहे. मग अडॅप्टर गाळून थेट एचडीएमआय जोडा. दोन पडदे एकाच चित्राच्या नकलेवर असतील तर नक्कल बंद करून एकच चालू ठेवा. दोहोंतला एक जरी ओळख न दाखवणारा निघाला तर दोन्हीकडे चित्र अडू शकतं.

हे सगळं पूर्ण एचडीचं. ४के ब्लू-रेने कळसच केला. २०१६ मध्ये आलेल्या या डिस्कसाठी संगणकावर अधिकृतपणे चित्र दिसायचं तर अटी अशा: ४के डिस्कला मान्यता असलेला ड्राइव्ह, विंडोज १०, सातव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल प्रोसेसर, त्यातली एसजीएक्स ही सुरक्षित कप्प्याची सोय बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडणीत) चालू केलेली, चित्र इंटेलच्याच अंगच्या ग्राफिक्समधून बाहेर पडणारं आणि पडदा एचडीसीपी २.२ मानणारा. महागडं वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर ते इथे अडचणच. एवढं जुळवून बसलेल्यांना पुढचा धक्का इंटेलने दिला: ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून एसजीएक्सच काढून टाकलं. म्हणजे अधिकृत मार्गाने ४के डिस्क चालवायची तर नवं यंत्र चालत नाही, जुनंच लागतं! जो ‘पुढच्या वर्षीचा लॅपटॉप आला की घेतो’ म्हणत थांबला, तो थांबून मागे पडला. वाट पाहिल्याने गोष्ट सोपी होते हा जो आपला ठाम समज असतो, त्याला याहून चोख उत्तर सापडणार नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ खरेदीचा राहत नाही. कुलूप ठेवण्याला आमचा तात्त्विक विरोध नाही. चित्रपट बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. पण डिस्क ही विकत घेतलेली वस्तू आहे. ती उसनी देता येते, विकता येते, वाचनालयात ठेवता येते, आणि प्रसारण सेवेने यादीतून चित्रपट काढला तरी कपाटातली डिस्क कुठे जात नाही. दर्जाचंही तेच. पूर्ण एचडी प्रसारणाला ५ मेगाबिटचा वेग पुरतो असं सेवा स्वतः सांगतात, डिस्कवर त्याच्या कितीतरी पट माहिती असते. अंधारी दृश्यं आणि धूर-पाऊस असलेली चित्रं शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो. अशा वस्तूचं चालणं एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मर्जीवर आणि एका प्रोसेसर कंपनीच्या वेळापत्रकावर टांगलेलं असावं, हे आम्हाला पटत नाही. मुक्त प्लेअर उपलब्ध आहेत, त्यांना डिस्कची रचना समजते, पण किल्ल्या त्यांच्याकडे नसतात. आणि कुलूप फोडणं अनेक देशांत कायद्याने मना आहे, मग डिस्क तुमच्या मालकीची का असेना. मागणी करायची असेल तर ती ‘लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह परत द्या’ ही नको. चालवण्याच्या अटी आणि मुदत खोक्यावर छापा, आणि आधार बंद करताना विकत घेतलेल्या डिस्कचं कुलूप कायदेशीरपणे उघडण्याची वाट ठेवा, ही हवी. वाट पाहायचीच असेल तर तिची पाहावी.

आता व्यवहार. बाहेरचा ड्राइव्ह घ्यायचा तर कोणता, आणि तो घेतल्यावर काय बिघडतं?

आधी नाव नीट वाचावं. ‘ब्लू-रे कॉम्बो’ असं लिहिलेला ड्राइव्ह ब्लू-रे वाचतो, पण लिहितो फक्त सीडी आणि डीव्हीडी. ब्लू-रे लिहायचा असेल तर ‘रायटर’ हवा. तीन-चार थरांच्या १०० आणि १२८ जीबीच्या कोऱ्या डिस्क वापरायच्या असतील तर ‘बीडीएक्सएल’ हा शब्द लागतो. ४के चित्रपटासाठी ४के डिस्कचा उल्लेख वेगळा तपासावा, बीडीएक्सएल असणं म्हणजे ४के चित्रपटाची मान्यता नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात.

बाहेरच्या बारीक ड्राइव्हचं सगळ्यात मोठं दुखणं वीज. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३.० ने ९००. डिस्क थांबलेल्या स्थितीतून गरगरायला लागते तेव्हा आणि लिहिताना लेझर पूर्ण ताकदीने पेटतो तेव्हा ड्राइव्हला याहून जास्त लागू शकतं. खाली चिकटवलेल्या लेबलावर अँपिअरचा आकडा असतो, तो वाचावा. वीज कमी पडली की लक्षणं ठरलेली: डिस्क फिरायला लागते, मंदावते, पुन्हा फिरते, मग ड्राइव्ह यादीतून नाहीसा होतो आणि दोन सेकंदांनी परत उगवतो. लिहिताना असं झालं तर ती कोरी डिस्क वाया. लोक अशा वेळी डिस्कला नाहीतर सॉफ्टवेअरला दोष देतात. आधी तार बदलावी. लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडतं, म्हणून ड्राइव्हबरोबर आलेली आखूड तारच वापरावी, ती हबला न लावता थेट यंत्राला लावावी. दोन शेंड्यांची तार मिळाली असेल तर दुसरा शेंडाही लावावा, तो शोभेला दिलेला नसतो. तरीही भागलं नाही तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब.

वेगाची चिंता नको. ब्लू-रेचा एकपट वेग सेकंदाला ४.५ एमबी, सहापट म्हणजे २७. चांगल्या यूएसबी २.० ला एवढं झेपतं, आणि पूर्ण एचडी चित्रपटाला तर दीडपट वेगही पुरतो. यूएसबी ३.० घ्यायचं ते विजेसाठी.

आतल्या ड्राइव्हची बाजू घेणारे म्हणतात, लोंबणारी तार नको, सगळं एकाच यंत्रात असावं. ही सोय मोठीच होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिची किंमत पाहा. १२ सेंटिमीटरची डिस्क पोटात घ्यायची म्हणून ड्राइव्ह १२८ बाय १२६ मिलिमीटरचा, आणि जाडी १२.७ किंवा नंतर ९.५. जाड ड्राइव्हचं आकारमान साधारण एक पंचमांश लिटर. बहुतेकांनी महिन्यातून एकदा उघडायच्या कप्प्यासाठी एवढी जागा, जी बॅटरीला देता आली असती. शिवाय बारीक ड्राइव्हची बांधणी नाजूक. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये फक्त ट्रे बाहेर येतो आणि लेझर आत सुरक्षित राहतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रेबरोबर लेझर, भिंग, मोटर, सगळा संसार बाहेर येतो. त्याला उरलेल्या ड्राइव्हशी जोडणारी चपटी केशरी पट्टी दर उघडझापीत वाकते. शेकडो वेळा वाकल्यावर तिच्यातली एखादी वाट तुटते, आणि मग ड्राइव्ह कधी ओळखला जातो, कधी नाही. डिस्क बसवताना ट्रेखाली बोट धरून मधल्या चक्रावर टक आवाज येईपर्यंत दाबावी. अर्धवट बसली तर डगमगते, आणि ०.८५ च्या भिंगाला डगमग खपत नाही, हे वर आलंच आहे. उघड्या भिंगावर बोट मात्र लावू नये. धूळ असेल तर हवेच्या हातपंपाने उडवावी. हाच ड्राइव्ह बाहेरच्या खोक्यात असला तर बिघडल्यावर फक्त खोकं बदलतं. आत असला तर नेमक्या जाडीचा, नेमक्या मुखपट्टीचा जोडीदार शोधत फिरावं लागतं.

माहिती जपून ठेवण्यासाठी ब्लू-रे हवा, हा एक मुद्दा वजनदार आहे, फक्त आकडे मांडून बोलावं. एका थराच्या डिस्कवर २५,०२,५३,१४,८१६ बाइट मावतात, विंडोज त्यालाच २३.३ जीबी दाखवतो. ५०० जीबीची हार्ड डिस्क पूर्ण भरलेली असेल तर अशा २० डिस्क लागतील. चौपट वेगाने एक डिस्क लिहायला तेवीस मिनिटं, पडताळणीला तितकीच; वीस डिस्कचे पंधरा तास आणि प्रत्येक पाऊण तासाला उठून डिस्क बदलणं. सेकंदाला १०० एमबीने लिहिणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर हेच काम दीड तासात होतं. सबंध संगणकाच्या नकलेसाठी ब्लू-रे वापरू नये. पण एकदाच लिहिता येणं हा त्याचा गुण आहे: खंडणी मागणारा व्हायरस आला तरी लिहून झालेली डिस्क त्याला पुसता येत नाही. घरातली छायाचित्रं, दस्तऐवज, हिशेब, प्रबंध, असं जे चार-दोन डिस्कांत मावतं आणि हरवून चालत नाही, त्यासाठी ब्लू-रे उत्तम. कोऱ्या डिस्क घेताना ‘एलटीएच’ लिहिलेल्या टाळाव्यात. त्यांतला थर सेंद्रिय रंगाचा असतो आणि प्रकाशाने लवकर खराब होतो. अकार्बनी थराच्या ‘एचटीएल’ घ्याव्यात. सर्वाधिक वेगाने लिहू नये, पडताळणी बंद करू नये आणि प्रत्येक डिस्कची जोडप्रत वेगळ्या खोलीत, शक्य तर वेगळ्या घरात ठेवावी.

आणि इथेच थांबण्याच्या उलट युक्तिवाद उभा राहतो. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. लॅपटॉपमधला कप्पा परत येण्याचं कोणतंही चिन्ह नाही. ऑप्टिकल ड्राइव्ह असलेला शेवटचा मॅकबुक प्रो २०१६ मध्येच विक्रीतून गेला. ज्याच्याकडे डिस्कचा साठा आहे आणि तो पुढची दहा वर्षं वाचायचा आहे, त्याने नव्याची वाट पाहण्यापेक्षा चांगले ड्राइव्ह मिळताहेत तोवर एक बाहेरचा ड्राइव्ह घेऊन ठेवावा. माहितीच्या डिस्कला कुलूप नसतं, सॉफ्टवेअरची मिनतवारी नसते. ब्लू-रेवर बहुधा असलेली यूडीएफ २.५ ही फाइलरचना व्हिस्टापासूनच्या विंडोजला आपसूक वाचता येते.

कोणाला आतला ड्राइव्ह हवाच असेल, तर वापरलेला जुना लॅपटॉप हाच मार्ग उरतो. तो घेताना नुसता ट्रे उघडतो का एवढं पाहून भागत नाही. दोन थरांची, ५० जीबीची एखादी चित्रपटाची डिस्क बरोबर न्यावी. दुहेरी ब्लू-रेत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत, म्हणून डिस्कच्या कडेजवळचा भाग चित्रपटाच्या साधारण मध्यावर येतो. थकलेला लेझर आणि सैल चक्र सर्वांत आधी तिथेच उघडं पडतं. चित्रपटाच्या मध्यावर उडी मारावी, पाच मिनिटं तिथेच राहावं आणि थर बदलताना चित्र किती वेळ गोठतं ते पाहावं. क्षणभर गोठून पुढे गेलं तर ठीक. घरघर करत दोन-तीनदा मागेपुढे झालं तर तो लॅपटॉप ड्राइव्हविना जो भाव मागितला असता, त्याच भावाने मागावा.